जुना बाजार ते तांबट आळी: भंगारातून मेटल ल्यूर बनवणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

पुण्यातल्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारावर व्हिडिओंचा नुसता पूर आलाय, पण बघावं तर सगळे घड्याळं, कॅमेरे, बूट आणि जुने रेडिओ दाखवतात. गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला, जाणाऱ्या माणसाच्या नजरेने तिथे काय मिळतं हे कोणी लिहिलेलं निदान माझ्या तरी वाचनात आलं नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहू. विषय एवढाच की घरी मेटल ल्यूर, म्हणजे माशाला फसवायची धातूची खोटी आमिषं, बनवायचे असतील, जसं स्पून (चमच्याच्या आकाराचा), जिग (लांबट, जड), स्पिनर (फिरणाऱ्या पात्याचा) वगैरे, तर त्याला लागणारा धातू इथे कसा मिळतो, त्यातलं काय उचलायचं आणि कशाकडे बघून न बघितल्यासारखं करायचं. ज्यांना तयार ल्यूर हवेत त्यांनी सरळ फिशिंग टॅकलच्या दुकानात जावं, इथे तयार काही मिळणार नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे घाईत असलेल्यांना पुढे वाचायला नको. ल्यूरची बॉडी भंगारातली चालते, झक्कास चालते, कधीकधी तर विकतच्यापेक्षा सरस. पण गरी (हुक), स्प्लिट रिंग (गरी ल्यूरला जोडायची कडी) आणि स्विव्हल (दोरी पिळू नये म्हणून लावायची फिरती कडी) या तीन गोष्टी भंगारातल्या किंवा सुट्या पाकिटातल्या स्वस्त नको म्हणजे नको. ऑनलाइन मागवलेल्या एका नाव नसलेल्या पॅकमधल्या रिंगा माझ्या हातात पहिल्याच जोरदार ओढीला सरळ झाल्यात, मासा गेला तो गेला, वर तोंडात गरी घेऊन गेला याचं जास्त वाईट वाटलं. त्यामुळे पैसे वाचवायचे ते पत्र्यावर वाचवा, गरीवर नको.

आणि पैसे वाचतात म्हणून हे करा असंही मी म्हणणार नाही. ड्रिल, कानस, पॉलिश पेपर, आपला अख्खा रविवार, हे सगळं धरलं तर पहिले काही ल्यूर विकतच्यापेक्षा महागच पडतात. फायदा वेगळा आहे. चांगल्या कंपनीचा तीन-चारशेचा मेटल ल्यूर दोरीला लावला की माणूस खडकापासून चार हात लांबच टाकतो, आणि मासा तर खडकाला चिकटून बसलेला असतो. रत्नागिरीजवळच्या मिऱ्याच्या दगडांवर किंवा मालवणच्या खडकांत, जिथे तळाला लागला की गेलाच समजायचा, तिथे चमच्याचा ल्यूर बिनधास्त फेकता येतो. गेला तर गेला, घरी डब्यात अजून आठ पडलेत.

आता बाजार. रविवार आणि बुधवार हे दोन वार, बाकी दिवशी गेलात तर निराशा. रविवारी माल जास्त पण गर्दीही तशीच, बुधवारी जरा निवांत बघता येतं आणि विक्रेते पण बोलायच्या मूडमध्ये असतात. सकाळी लवकर जा कारण दुपारी ऊन आणि गर्दी दोन्ही डोक्यावर येतात, आणि जड चमचे, पितळी सामान उचलणारे फक्त आपणच नाही, ॲंटिकवाले आणि मोडीचे व्यापारी आपल्या आधी पोचलेले असतात. गाडी लांब लावा, चालत या, पाकीट पुढच्या खिशात ठेवा, सुटे पैसे ठेवा. जमिनीवर चादर टाकून ढीग लावलेला असतो त्यात हात घालायची लाज वाटत असेल तर हा बाजार तुमच्यासाठी नाही.

ढिगात बघायचे ते जुने चमचे. हल्लीचे पातळ चमचे नकोत, हाताने वाकतात ते, पाण्यात फडफडतात आणि फेकले तर वारा त्यांना परत आणून देतो. जुन्या हॉटेलांतले, कँटीनचे, पूर्वी लग्नात भेट यायच्या त्या सेटमधले जाड चमचे शोधा, उचलल्याबरोबर हाताला जड लागतात. मी छोटा डिजिटल वजनकाटा आणि लोहचुंबक खिशात घेऊनच जातो. पहिल्यांदा काटा काढला तर विक्रेते काका म्हणाले, "साहेब, सोनं घ्यायला आलाय का चमचा?" मग कशासाठी हवेत ते सांगितलं तर त्यांनी मागच्या पोत्यातून काढून वाढण्याचे दोन डाव दिले, म्हणाले मोठ्या माशाला मोठा चमचा. लॉजिक बरोबरच आहे.

चुंबकाचं काम असं. चमच्याच्या खोलगट भागाला चुंबक घट्ट चिकटला तर ते स्वस्तातलं स्टील, खाऱ्या पाण्यात दोन-तीन ट्रिपांत त्याला तांबूस डाग धरतात. नाही चिकटला तर ३०४ ग्रेडचं, म्हणजे सहसा न गंजणारं चांगलं स्टील असू शकतं, पण खात्री नाही, कारण आपल्याकडे भांड्यांत २०० सिरीजचं स्टील पण खूप वापरतात आणि त्यालाही चुंबक चिकटत नाही. म्हणून चुंबक फक्त वाईट माल बाजूला काढण्यापुरता, चांगल्याचं सर्टिफिकेट म्हणून नाही. धरणात, नदीत वापरणार असाल तर एवढा विचार करायची गरजही नाही. कधीतरी जर्मन सिल्व्हरचा चमचा हाताला लागतो, पिवळसर-पांढरी झाक असते, त्यात चांदी औषधालाही नसते, तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू तो, पण ल्यूरसाठी एक नंबर. मऊसर, जड, चकाकी स्टीलसारखी पांढरीफटक नाही, जरा उबदार. मिळाला की भाव न करता घ्या. जर्मनचे, म्हणजे अॅल्युमिनियमचे चमचे मात्र सोडून द्या. ७० मिमी लांब, १८ मिमी रुंद, ३ मिमी जाड अशी पितळेची पट्टी साधारण ३२ ग्रॅम भरते, तीच अॅल्युमिनियमची जेमतेम १० ग्रॅम. समुद्रावर वाऱ्यात १० ग्रॅमचं काय करणार. हां, उथळ तळ्यात शेवाळावरून हळू ओढायला मरळसाठी कोणाला हलका स्पून करून बघायचा असेल तर वेगळी गोष्ट.

चमच्याचा ल्यूर ही काही आपली आयडिया नाही बरं का. अमेरिकेत ज्युलिओ ब्यूएल नावाच्या माणसाने १८५२ मध्ये याचं पेटंट घेतलंय, त्याच्या हातून तळ्यात चमचा पडला आणि माशाने तो झेलला अशी कथा सांगतात. खरी-खोटी देव जाणे, पण बुडताना चमचा ज्या पद्धतीने डुलत जातो ते घरच्या हौदात बघितलं की कथेवर विश्वास बसतो.

बनवायचं म्हणाल तर दांडा कापायचा, खोलगट भाग राहिला तो स्पून. दोन्ही टोकांना ३ मिमीचं भोक. स्टीलला भोक पाडणं हाच काय तो त्रासाचा भाग आहे आणि इथेच बहुतेक लोक वैतागून सोडून देतात. स्टील घासलं गेलं की अजून कडक होतं, त्यामुळे ड्रिल जोरात फिरवून हलकं दाबलं की भोक तर पडत नाहीच, वर बिट पण जातं. उलट करायचं, आधी पंच मारून खूण करायची, स्पीड कमी, दाब जास्त, दोन थेंब तेल, आणि कोबाल्टचं बिट. पत्रा हातात धरून ड्रिल मारू नका, बिट अडकलं की पत्रा गरकन फिरतो आणि बोटाचं काय होतं ते मी इथे लिहीत नाही. व्हाइसमध्ये नाहीतर लाकडाच्या फळीवर आवळून बसवा. नंतर कडा कानशीने मारून घ्या, भोकाच्या आतली धार पण.

दांडा फेकू नका. जाड चमच्याचा दांडा पकडीने हलकासा एस आकारात वाकवला की त्याचा लांबट जिग होतो, वाऱ्यात बाणासारखा जातो. क्वीनफिश आणि टोळ या समुद्री माशांना असला बारीक, वेगात पळणारा तुकडा जास्त आवडतो, रुंद स्पूनपेक्षा. म्हणजे एका चमच्यात दोन ल्यूर, आणि दुसरा पहिल्यापेक्षा भारी.

बाजारात दुसरी बघायची गोष्ट म्हणजे नळ आणि पाइप. जुन्या बाथरूमचे टॉवेल रॉड, पडद्याचे रॉड, पितळी नळाचे तुकडे. पाइप दोन्ही बाजूंनी तिरका कापला, आत शिसं भरलं, भोकं पाडली की जिग तयार. आतून १० मिमी असलेला ६० मिमी लांबीचा सरळ पाइप पूर्ण भरला तर एकट्या शिशाचंच वजन साधारण ५३ ग्रॅम होतं, तिरक्या कापात थोडं कमी होतं, तेवढा हिशोब लावून पाइप घ्या, नाहीतर घरी गेल्यावर कळतं की आपल्या फिशिंग रॉडला हे झेपणारच नाही. पितळी कुलपांच्या जुन्या किल्ल्या पण ढिगाने मिळतात, त्यांना भोक आधीच असतं! लहान किल्ली, मागे बारीक ट्रेबल (तीन तोंडांची गरी), चिलापी तरी फसते. फार अपेक्षा ठेवू नका पण पोरांना घेऊन बनवायला मजा येते.

जुनी नाणी बघून मोह होतो, गोल, चकचकीत, जाडी पण बरोबर. नका करू. २०११ च्या कॉइनेज ॲक्टनुसार नाणं वितळवणं, नष्ट करणं हा गुन्हा आहे, आणि शंभर रुपयाच्या ल्यूरसाठी ती कटकट कोण घेणार.

आता शिसं, यावर जरा थांबून वाचा. टायरवाल्यांकडे व्हील बॅलन्सिंगची काढलेली वजनं पडलेली असतात, मागितली तर देतात. पण हल्ली त्यातली बरीच लोखंडाची किंवा जस्ताची असतात. लोखंडाला चुंबक चिकटतो. जस्त ओळखायचं तर पकडीने चावून बघायचं, शिसं लोण्यासारखं दबतं, जस्त दाद देत नाही. शिसं ३२७ डिग्रीला वितळतं, जस्त ४१९ ला, त्यामुळे आच कमी ठेवली तर जस्ताचा तुकडा वर तरंगतो, तो काढून टाकायचा, विरघळू द्यायचा नाही, नाहीतर सगळं दाणेदार होऊन साच्यात नीट उतरत नाही. साचा, वाळू, पाइप, सगळं कोरडं ठणठणीत पाहिजे. पाण्याचा एक थेंब असला तरी त्याची वाफ होऊन तापलेलं शिसं तोंडावर उडतं. बॅटरीतलं शिसं अजिबात नको, त्यात अॅसिड असतं, अँटिमनी-आर्सेनिक असतं, ते तापवून निघणारे वायू जीवघेणे असतात. स्वयंपाकघरात नको, घरातली भांडी नकोत, लहान मुलं आणि गरोदर बाई आसपास नको. आणि शिसं हाताळलेल्या हाताने वडापाव खाऊ नका, साबणाने हात धुवा आधी. इंग्लंडमध्ये तर १९८७ पासून लहान शिशाच्या वजनांच्या विक्रीवर बंदी आहे, हंस ती गिळून मरायचे म्हणून.

खरं सांगायचं तर मी आता वितळवायचं सोडून दिलंय. शिशाच्या पट्टीची गुंडाळी करून पाइपात ठोकून बसवायची, दोन्ही तोंडं एम-सीलने बंद. वजन थोडं कमी भरतं, पण भट्टी नाही, धूर नाही, बायकोची बोलणी नाहीत.

जुन्या बाजारातून कसबा पेठेतली तांबट आळी लांब नाही, आणि माझ्या मते या सगळ्या फेरीतला सगळ्यात भारी भाग हाच. पेशवाईपासून इथे तांब्याची भांडी घडवतात आणि आजही आळीत शिरलं की ठोकण्याचा आवाज येतो. इथे मागायचं ते कातरण. भांड्याचा पत्रा गोल कापला की कडेचे जे तुकडे उरतात ते. "दादा, कातरण आहे का थोडं, जाड बघून द्या" असं नीट विचारलं तर वजनावर देतात, मोडीच्या भावापेक्षा जरा जास्त घेतात पण ते रास्तच आहे, त्यांना ते परत वितळवायला देता येतं, आपल्यासाठी निवडत बसायचा वेळ पण जातो. कामाच्या वेळेत जाऊन फोटो काढत उभे राहू नका, त्यांच्या हातात हातोडा असतो आणि लक्ष पत्र्यावर असतं.

तांब्याचा स्पून स्टीलपेक्षा बनवायला दहापट सोपा. कातरीने कापतो, भोक लोण्यात पडल्यासारखं पडतं, लाकडात खोबणी करून त्यावर ठेवून गोल डोक्याच्या हातोडीने ठोकला की वाटी येते. कडक झाला तर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकायचा, परत मऊ. पण तांब्याची अडचण हीच की ते मऊ, खडकावर आपटला की ल्यूर वाकतो आणि त्याची चाल बिघडते. त्यावरचा उपाय याच आळीत शिकण्यासारखा आहे, माठारकाम. घागरीवर, बंबावर ते छोटे छोटे ठोक्याचे ठसे दिसतात ना, ते फक्त शोभेचे नसतात, ठोकून ठोकून पत्रा कडक होतो. शेवटी तसे ठसे पाडले की स्पून ताठ होतो आणि प्रत्येक ठसा वेगळ्या बाजूला उजेड फेकतो, खवल्यांसारखं लखलखतं. विकतच्या ल्यूरवर हॅमर्ड फिनिश म्हणून याचेच जास्त पैसे घेतात.

आणि कल्हई! हे मला कोणी सांगितलं नव्हतं, एकदा सहज करून बघितलं. कल्हईवाले आता कमी झालेत पण पेठांमध्ये विचारत गेलं की सापडतात. तांब्याच्या स्पूनच्या फक्त आतल्या बाजूला कल्हई करून घ्यायची. तापवलेल्या धातूवर नवसागर टाकला, कथील फिरवलं, कापसाने पुसलं, की एक बाजू चांदीसारखी आणि दुसरी तांबडी. पाण्यात डुलताना एकदा पांढरा, एकदा तांबूस असा चमकतो. ढगाळ दिवशी, गढूळ पाण्यात हा दुरंगी स्पून माझ्या डब्यातल्या बाकी सगळ्यांपेक्षा जास्त वेळा चावला गेलाय. कल्हईवाल्या काकांनी एवढ्याशा तुकड्याचे पैसे घ्यायला आधी नकार दिला, मग मीच एकदम मूठभर स्पून नेले तेव्हा घेतले. एकेक तुकडा घेऊन जाऊन त्यांची भट्टी अडवू नका, साठवून न्या.

हातोडी, कानस, कोबाल्ट बिट, पॉलिश पेपर यासाठी रविवार पेठेतली बोहरी आळी. त्याबद्दल फार लिहीत नाही, हार्डवेअर म्हटलं की पुणेकर तिथेच जातो.

पाण्यातली टेस्ट घरीच करा, हौदात किंवा मोठ्या टबात. ल्यूर डावी-उजवीकडे डुलला पाहिजे, गोल गोल फिरायला लागला तर तंगूस (नायलॉनची दोरी) पिळून त्याची जटा होते. फिरत असेल तर वाटी थोडी सपाट करा किंवा शेपटीकडचं टोक किंचित वाकवा, आणि पुढे स्विव्हल लावाच. खोल वाटीचा स्पून हळू ओढला तरी मोठा डुलतो, धरणाला, नदीला बरा. सपाट आणि जाड असेल तो वेगात ओढायचा, समुद्राला बरा. वजन शेपटीकडे जास्त ठेवलं की लांब जातो. एवढं कळलं की विकतच्या ल्यूरच्या बॉक्सवर काय लिहिलंय ते वाचायची गरज पडत नाही, नुसतं आकार बघून कळतं.

समुद्रावर सुरमई, बांगडा, टोळ, क्वीनफिश हे सगळे या भंगाराला येतात, मोसमात आणि भरती-ओहोटी बघून गेलात तर. सुरमईसाठी ल्यूरच्या पुढे वायरचा लीडर (दोरीचा शेवटचा मजबूत तुकडा) लावा, तिचे दात ब्रेड म्हणजे विणलेली दोरी काय, जाड तंगूस पण कापतात. गोड्या पाण्यात महसीर म्हणजे आपला खडस स्पूनवर येतो हे जुने शिकारी पण सांगतात, पण तो आला तर ओल्या हाताने धरून सोडून द्या, लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवरच्या केंद्रात त्याची पैदास करून पिल्लं सोडायला लागतात इतकी वेळ आलीय त्याच्यावर. ट्रेबलऐवजी एकच गरी, तीही टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून, लावली की सोडणं सोपं जातं. आणि धरणावर जाताना मासेमारीचा ठेका कोणाचा, सोसायटी कुठली हे आधी विचारा, परवानगी घेऊन बसा, काठावर भांडणं नकोत.

पितळ आणि तांबं खाऱ्या पाण्याने काळं पडतं, घरी आल्यावर गोड्या पाण्यात बुडवा आणि चिंच-मीठ लावून घासा, पितांबरी पण चालते. नखाला लावतात ते ट्रान्सपरंट पॉलिश मारून ठेवलं तर चकाकी टिकते. डोळा काढायचा असेल तर लाल टिकली चिकटवून वरून पॉलिश. हसू नका, टिकलीवाला स्पून चालतो.

रेटिंग द्यायचं तर जुन्या बाजाराला ५ पैकी साडेतीन. माल भरपूर पण नशिबाचा खेळ, एका फेरीत पोतंभर मिळतं, दुसऱ्या फेरीत रिकाम्या हाताने भेळ खाऊन परत. पावसाळ्यात तर जाऊच नका, चिखलात ढीग भिजलेले असतात आणि काय घेतोय ते दिसत नाही. भाव करायची सवय पाहिजे, पण दहा रुपयांच्या चमच्यावर पाच मिनिटं घासाघीस करणाऱ्यांचं मला कौतुक वाटत नाही. एकदम दहा-बारा चमचे घेतले तर आपोआप कमी होतो भाव. तांबट आळीला पाच पैकी पाच, कातरण महाग पडलं तरी.

पुढच्या वेळी जाताना कापडी पिशवी नको, जाड गोणपाट न्या, पाइपाच्या टोकांनी पिशवी फाटते. आणि कोणाला जुन्या हॉटेलचे ते जाड, मागे ठोकलेलं नाव असलेले चमचे दिसले तर प्लीज दोन माझ्यासाठी पण ठेवायला सांगा त्या काकांना, भाव नंतर बघू.